हिवाळ्यातील मोटरसायकल-प्रवास: जाडीआधी वारा आणि ओल अडवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीचे दिवस आले की वाहनविषयक पुरवण्यांतून बॅटरी, टायरमधील हवा, चेनचे वंगण यांविषयी उपयुक्त माहिती येऊ लागते. मोटरसायकल चालवणाऱ्याने अंगावर काय घालावे, हा प्रश्न मात्र ‘उबदार कपडे वापरावेत’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढला जातो. परिणामी दुकानात गेलेला माणूस हाताला जे सर्वांत जाड लागेल ते जॅकेट उचलतो आणि पहिल्याच पावसाळी थंडीत काकडून जातो. दुचाकीवरच्या गारठ्याचा बंदोबस्त जाडीने होत नाही. आधी वारा, मग पाणी आणि त्यानंतर ऊब, या क्रमाने कपडे निवडले तर कमी वजनात आणि बहुतेक वेळा कमी खर्चातही काम भागते, असे माझे मत आहे. ते थोडे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असेल आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर वाऱ्यामुळे भासणाऱ्या थंडीच्या प्रचलित सूत्रानुसार उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३ अंशांच्या आसपास जाणवते. हे सूत्र उघड्या त्वचेसाठी आहे, हे खरे. पण वारा आरपार जाऊ देणारे कपडे घातले, तर झाकलेल्या अंगाची गतही फारशी वेगळी होत नाही. ऊब लोकरीच्या धाग्यात नसून त्या धाग्यांमध्ये अडकून राहिलेल्या स्थिर हवेत असते आणि वेगात जाणाऱ्या स्वाराच्या छातीवर आदळणारा वारा नेमकी तीच हवा हुसकून लावतो. म्हणून उघड्यावर घातलेला जाडजूड स्वेटर चाळणीसारखा वागतो, तर त्याच स्वेटरवर एक पातळ विंडचीटर चढवला की फरक लगेच कळतो. घाटउतारावर निघण्यापूर्वी सायकल-शर्यतींतील स्पर्धक जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवत आले आहेत, तेही याच कारणासाठी. (आपल्या अंकाचा हा उपयोग आपणांस रुचेल की नाही, कोण जाणे; पण तो खरोखर होतो.)

थंडी सोसण्याची हौस किंवा सवय हा येथे मुद्दाच नाही. शरीराला गारठा जाणवला की ते आतील अवयवांची उष्णता राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करते आणि मोटरसायकलचा क्लच, पुढचा ब्रेक व सर्व बटणे हातांच्या बोटांवरच अवलंबून असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद जास्त घेतला, तर ८ मीटर हातचे गेले. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, तर त्याला वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया म्हणतात. त्याची घातक बाब अशी, की हुडहुडीपाठोपाठ विचारशक्तीही मंदावत जाते आणि आपण थांबायला हवे, हे ठरवण्याची क्षमताच स्वाराकडे उरत नाही.

अंगालगतच्या थराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: तो सुती नसावा. सुती कापड घाम शोषून धरून ठेवते आणि सावकाश वाळते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असल्याने ओला बनियन अंगाला चिकटला, की वरचे सारे थर निरुपयोगी ठरू लागतात. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल येथे उत्तम. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते, हा तिचा जुना गुण आहे. मधल्या थरासाठी फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापड, पुरेसे होते. पिसे भरलेली जॅकेटे कोरडी असेपर्यंत अतिशय उबदार असतात, परंतु पिसे भिजली की ती चोपून बसतात आणि त्यांच्यातील हवा जाते, म्हणून पावसाची शक्यता असल्यास त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

खरी फसगत होते ती ‘वॉटरप्रूफ’ असा शिक्का असलेल्या जॅकेटांच्या बाबतीत. या एका शिक्क्याखाली दोन अगदी वेगळ्या रचनांचा माल विकला जातो आणि गिऱ्हाइकाला तो फरक क्वचितच सांगितला जातो. पहिल्या रचनेत पाणी अडवणारा पातळ पडदा बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांच्यामध्ये पिशवीसारखा लोंबकळत असतो. पाणी अंगापर्यंत पोहोचत नाही, हे खरे; पण बाहेरचे कापड मात्र यथेच्छ भिजते, जॅकेट जड होते, बाहेरचे खिसे पाण्याने भरतात आणि त्या ओल्या कापडातले पाणी वाऱ्याने उडून जाताना अंगाची उष्णताही घेऊन जाते. असे जॅकेट घातलेला स्वार कोरडा राहूनही थंडीने कुडकुडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओलसर जॅकेट पुन्हा अंगावर चढवतो. दुसऱ्या रचनेत पडदा बाहेरच्या कापडालाच आतून चिकटवलेला असतो, त्याला लॅमिनेट म्हणतात. त्यात पाणी शोषायला जागाच उरत नसल्याने ते ओघळून जाते आणि झटकल्यावर जॅकेट बऱ्याच अंशी कोरडे होते. ते महाग असते, काहीसे कडकही असते. तरी ज्याला रोज आणि दूरवर जायचे आहे त्याने पहिल्या प्रकारची दोन जॅकेटे घेण्याऐवजी दुसऱ्या प्रकारचे एक घ्यावे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

या पडद्याचा जन्मही गमतीशीर आहे. १९६९ साली अमेरिकी अभियंते बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफई या प्लॅस्टिकची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसका देऊन ओढली, तेव्हा ती तुटण्याऐवजी लांबच लांब ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते, अशी ही छिद्रे असतात. मात्र बाहेरचे कापड पाण्याने पूर्ण माखले, की वाफेची बाहेर जाण्याची वाट बंद होते आणि आत साचलेल्या घामाला लोक ‘जॅकेट गळते’ असे म्हणू लागतात. हे टाळण्यासाठी कापडावर पाणी न धरणारा लेप दिलेला असतो आणि तो वापराने, मळाने व चुकीच्या धुण्याने जातो. कपडे मऊ करणारे द्रव अशा जॅकेटला कधीही लावू नये. सौम्य साबणाने धुऊन, लेबलवर अनुमती असल्यास माफक उष्णता दिली तर लेप बराचसा पुन्हा कामाला लागतो.

लेबलवर १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेऊन ते किती उंचीच्या स्तंभापर्यंत टिकते, याची ती मोजणी आहे. म्हणजे १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंच स्तंभ. ताशी १०० किलोमीटर वेगाला नुसत्या वाऱ्याचा दाब अशा स्तंभाच्या जेमतेम ५० मिलिमीटरएवढा भरतो. आदळणाऱ्या थेंबांचा मार क्षणभर त्याहून पुष्कळ जास्त असतो, आणि सीटवर व गुडघ्यांवर ताणलेल्या कापडावरचा दाब तर सततचा असतो, म्हणून चांगला आकडा हवाच. परंतु चांगल्या कापडाचे कपडे गळतात ते बहुधा कापडातून नव्हे, तर शिवणी, चेन, गळा आणि मनगट येथून. म्हणून जॅकेट व पँट दुकानात उलटी करून पाहावीत. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक, किंचित चमकणारी पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. विशेषतः काखेत आणि पँटच्या बैठकीपाशी, जिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथे ती सुटलेली नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. बसल्यावर पाणी मांडीवरून वाहत येऊन बैठकीपाशी साचते, त्यामुळे पँटची पुढची चेन हे सर्वांत अवघड ठिकाण ठरते. तिच्यामागे पाणी अडवणारी घडी नसेल, तर बाकी सारे व्यर्थ.

ज्यांना लॅमिनेट परवडत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. गाडीवरून पडून रस्त्यावर घसरल्यास टिकणारे, संरक्षक पॅड असलेले साधे जॅकेट आणि त्यावर एक माप मोठा असलेला स्वतंत्र रेनसूट, ही जोडी माझ्या मते बहुसंख्य स्वारांसाठी सर्वांत शहाणपणाची आहे. हा सूट कोरड्या थंडीतही वारा अडवतो, म्हणजे एकाच वस्तूत दोन कामे होतात. तो घालताना ओले बूट पायघोळात अडकतात. बुटावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय सरकवला की झटक्यात आत जातो. उजव्या पायाची आतली बाजू सायलेन्सरला टेकून वितळणार नाही, एवढी उष्णतारोधक पट्टी तेथे असल्याची खात्री करावी. आणि हा सूट पाऊस सुरू होण्यापूर्वी घालावा. भिजलेल्या जॅकेटवर चढवलेला रेनसूट ओल आतच कोंडून ठेवतो.

हातमोज्यांवर मात्र काटकसर करू नये. घट्ट मोजे बोटांतील रक्तप्रवाह अडवतात, त्यामुळे जाड पण तंग मोज्यापेक्षा किंचित सैल व पातळ मोजा अधिक उबदार ठरतो. सैल म्हणजे किती, तर मूठ वळल्यावर बोटांची टोके शिवणीला टेकू नयेत, पण लिव्हर दाबताना कापडाची वळीही होऊ नये. विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा जरूर करावी: हात थोडा ओला करून मोजा काढावा आणि पुन्हा घालून पाहावा. हलक्या दर्जाच्या मोज्यात अस्तर बोटांच्या टोकांशी पक्के केलेले नसते, ते ओल्या बोटांबरोबर उलटे होऊन बाहेर येते आणि मग पाचही बोटे पुन्हा जागेवर घालणे भर रस्त्यात जवळजवळ अशक्य होते. डाव्या हाताच्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर हेल्मेटची काच पुसण्यासाठी रबराची छोटी पट्टी असेल, तर ती पावसात लाखमोलाची वाटते. मोज्याचा मनगटावरचा भाग बाहीच्या आत घालावा की बाहेर, याविषयी स्वारांत जोरदार मतभेद आहेत. हात हँडलकडे उतरते असतील तर बाही मोज्यावर घेतल्याने ओघळणारे पाणी आत शिरत नाही, हे मला पटते. गरम होणाऱ्या हँडलग्रिप उपयोगी आहेत, परंतु त्या तळहात तापवतात आणि वारा लागतो तो हाताच्या मागच्या बाजूला. म्हणून त्यांच्यासोबत हात झाकणारे गार्ड हवेत. विजेवर तापणारे बनियन घ्यायचे असेल, तर आधी गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीज बनवणारे यंत्र) तेवढा भार पेलतो का, हे पाहावे. ते छाती गरम ठेवत असल्याने शरीराला बोटांचे रक्त मागे खेचावे लागत नाही, आणि हाच त्याचा मोठा लाभ आहे.

बुटांबाबत एवढेच, की पँटचे पायघोळ बुटाच्या बाहेर असावे आणि मोज्यांचे दोन जोड कोंबून पाय आवळू नये. युरोपीय मानकानुसार तपासलेल्या बुटावर ‘डब्ल्यूआर’ ही खूण असेल, तर पाण्याचा प्रतिकार तपासलेला आहे, असे समजावे. गळ्यासाठी लोंबते टोक असलेला मफलर नको, नळीसारखा गळपट्टा हवा.

कपडे अंगावर घालून आरशात पाहणे पुरेसे नाही. गाडीवर किंवा निदान तशा आसनात बसून पाहावे. हात पुढे केल्यावर बाही मनगटावरून मागे सरकते, गुडघा वाकवल्यावर पँट वर चढते आणि पाठ उघडी पडते, हे उभे राहून कळत नाही. हेल्मेट घालून मान खांद्यावरून मागे वळवावी. उंच कॉलर व जाड थर यांमुळे मागचे दिसत नसेल, तर ते कपडे कितीही उबदार असोत, परत ठेवावेत. हातमोजे घालून चेन ओढता येते का, हेही तिथेच कळते. काळ्या रंगाचा रेनसूट राखाडी पावसात दिसत नाही, तेव्हा रंग उजळ आणि परावर्तक पट्ट्या भरपूर असलेला घ्यावा. पाणी अडवण्याच्या नादात घसरणीपासूनचे संरक्षणही विसरू नये: ईएन १७०९२ या युरोपीय मानकात कपड्यांना ‘एएए’पासून खाली उतरत्या श्रेणी दिल्या जातात, पण ती श्रेणी घसरणीतील टिकाऊपणाची असते, पाणी अडवण्याची नव्हे.

आपल्या पुरवणीत अशा कपड्यांची परीक्षणे छापून येतात. त्यांत रंग आणि खिशांची संख्या यांच्या आधी पडदा बाहेरच्या कापडाला चिकटवलेला आहे की आत सोडलेला आहे, शिवणी आतून बंद केलेल्या आहेत का आणि तासभर पाण्याखाली ठेवल्यावर जॅकेटचे वजन किती वाढले, एवढी माहिती देण्याची सूचना परीक्षकांना करावी, ही विनंती. वजन करायला साधा काटा पुरतो आणि लॅमिनेट व लोंबत्या पडद्याचा फरक त्यावर लपत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मोटरसायकलस्वार वाचक