अक्का, तुम्ही आईला पंचनामा वाचून दाखवलात

आदरणीय अक्का,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातातच द्यायला हवं होतं. पण तुमच्यासमोर हा विषय काढला की माझा गळा दाटतो आणि तुम्ही लगेच चहा ठेवायला उठता. म्हणून चारचौघांत लिहितेय. कळू दे सगळ्यांना.

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचा विसर्ग रात्रीत वाढला आणि पहाटे सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, हे अख्ख्या पुण्याला ठाऊक आहे. लष्कराला यावं लागलं. आमचं तळमजल्याचं घर त्याच पट्ट्यातलं. पाणी ओसरलं आणि उरला चिखल. आईचं शिलाई मशीन त्यात आडवं पडलेलं, गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं लडबडलेली. चष्मा तर सापडलाच नाही.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, कारभार प्रशासकाकडे. ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा नगरसेवकच नव्हता. पूर्वी निवडून आलेले आणि पुढे उभे राहायचं ठरवलेले मात्र आले. शिध्याच्या पिशवीवर स्वतःचा फोटो, आणि पिशवी आईच्या हातात देताना आणखी एक फोटो. घरात पाऊल कुणी टाकलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही धायरीहून बचत गटातल्या बायका घेऊन आलात. फावडी, घमेली, खराटे तुमचेच. पदर खोचून थेट मोरीपासून सुरुवात केलीत. त्याचे उपकार आहेतच, पण माझ्या मनात बसलंय ते दुसरंच.

पंचनाम्याला आलेले घाईत होते. दोन-चार ओळी खरडून त्यांनी कागद आईपुढे सरकवला, "आजी, इथे सही करा." चष्मा नसताना तिला काय दिसणार? तिने पेन हातात घेतलंसुद्धा. तुम्ही तिच्या मनगटावर हात ठेवलात. "मावशी, थांबा. आधी वाचून दाखवते, मग सही."

आणि ओळीखालून बोट फिरवत, अक्षर लावत, तुम्ही तो कागद मोठ्याने वाचलात. जोडाक्षराला अडलात की मागे जाऊन परत वाचायचात. कोण ताटकळतंय याची पर्वा केली नाहीत. धान्य होतं, अंथरूण-पांघरूण होतं, भांडी होती. मशीन नव्हतं.

"मशीन लिवा, साहेब. मावशीचं पोट त्याच्यावर हाय."

लिहिलं त्यांनी. भरपाई पुढे यायची तेव्हा आली. पण त्या सकाळपासून आईला सगळे नुसते "सरका, उठा, सही करा" म्हणत होते. तिच्या घराबद्दल काय लिहिलंय हे तिला कळलं पाहिजे, असं फक्त तुम्हाला वाटलं.

का वाटलं, ते तुम्ही नंतर एकदा सांगितलंत. कर्नाटकातल्या यादगीरकडून मुकादमाच्या टोळीत आलात, नऱ्हे-धायरीच्या इमारतींवर विटा वाहिल्यात. उचल घेताना कागदावर अंगठा घेतला, पण आकडा किती ते कुणी सांगितलं नाही. मुलगी पहिलीत गेल्यावर तिच्या पुस्तकावरून तुम्ही मराठी बाराखडी गिरवलीत. आज बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, तर बायका तुम्हालाच पुढे घालतात. धायरी २०१७ ला पालिकेत आली तरी टँकर काही सुटले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा पाणी उकळूनच प्या म्हणत तुम्ही दारोदार फिरलात. पद नाही, मानधन नाही.

तरी "ही बाहेरची, हिला काय कळतं इथलं?" म्हणणारे आहेत. माझे आजोबा माण तालुक्यातून दुष्काळाला कंटाळून इथे आले. आमच्या गल्लीत मूळ पुण्याचं असं घर शोधावं लागेल. इथलं कोण, हे जन्माच्या दाखल्यावरून ठरवायचं असेल तर ठरवा. मी मात्र त्या सकाळी चिखलात कोण उभं होतं ते पाहिलंय. साधी माणुसकी इतकी दुर्मिळ का व्हावी, अक्का? दोन मिनिटं थांबून वाचून दाखवायला काय लागतं?

तुम्ही पुढे निवडणुकीला उभ्या राहा न राहा, आमच्या घराच्या पुढारी तुम्हीच.

दाखल्यांचे अर्ज भरायला माणूस कमी पडतो म्हणाला होतात. दर रविवारी सकाळी मी येत जाईन, माझं अक्षर बरं आहे. आणि आईने मापाचा ब्लाउज मागितलाय, तेवढा या रविवारी काढून ठेवा. शिलाईचे पैसे ती घेणार नाही, त्यावरून तिच्याशी वाद घालू नका.

तुमची,
शिलाईवाल्या मावशींची मुलगी