साथीदारांचीही नावे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला मोटाऊन या डेट्रॉइटच्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवरचा लेख वाचला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. टेम्प्टेशन्स, सुप्रीम्स, मार्व्हिन गे, सगळे गाणारे भेटले. पण ती गाणी वाजवली कुणी, यावर एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

१९७२-७३ ची गोष्ट. आम्ही ठाकूरद्वारला चाळीत राहायचो. धोबीतलावच्या एका इराण्याकडे ज्यूक बॉक्स होता. कॉलेज सुटलं की आम्ही चौघी तिथे. चहाचे पैसे एकीने द्यायचे, ज्यूक बॉक्समध्ये नाणं दुसरीने टाकायचं, आणि गाणं बहुतेक वेळा ठरलेलं : टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’. १९६४ च्या अखेरीस निघालेलं, म्हणजे आमच्यापर्यंत येईतो जुनंच झालेलं. आधी एकट्या बेस गिटारचे ठोके, मग त्यावर गिटार पायरी पायरी चढत जाते : सा रे ग प ध सां. भूपाचा आरोह! मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जायचे, भूप नुकताच शिकले होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला ब्रुन पाव हातातच राहिला. पुढे तीच चढण मध्यमाला षड्ज मानून पुन्हा येते. मी घरी येऊन पेटीवर वाजवून पाहिली, दोन्ही जागा बरोब्बर लागल्या.

वडील भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. शेजाऱ्यांकडे अरेथा फ्रँकलिनचं १९६७ चं ‘रिस्पेक्ट’ लागलं होतं, ते ऐकून म्हणाले, “अगं, ही बाई बुवा आणि मागच्या तिच्या टाळकरी.” इंग्रजी शब्द त्यांना कळत नव्हते. अरेथाचे वडील डेट्रॉइटच्या चर्चमध्ये प्रवचन करत, ती तिथेच गात वाढली आणि त्या गाण्यात मागे तिच्या सख्ख्या बहिणी आहेत, हे मला फार उशिरा समजलं. तोवर वडील गेले होते. त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर!

‘माय गर्ल’ची गिटार कुणाची, हे कळायला तर मला तीस वर्षं लागली. २००२ साली या वादकांवर माहितीपट निघाला, त्याची डीव्हीडी लेकीने अमेरिकेहून आणली, तेव्हा नाव समजलं : रॉबर्ट व्हाइट. बेसवर जेम्स जेमर्सन. हे सगळे वादक स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवत. डेट्रॉइटमधल्या एका साध्या घरात, वायरींच्या गुंत्यामुळे ‘स्नेकपिट’ म्हटल्या जाणाऱ्या खोलीत बसून त्यांनी साठच्या दशकातली मोटाऊनची बहुतेक गाजलेली गाणी वाजवली. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडायचा. एका बोटाने! सुप्रीम्स किंवा फोर टॉप्सचं कुठलंही गाणं लावा आणि गाणाऱ्यांकडे लक्ष न देता फक्त खालचा तो बेस ऐका. गाण्याच्या आत दुसरं गाणं चाललेलं असतं. वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या वेष्टनावर यांतल्या कुणाचं नाव नव्हतं. ते छापलं गेलं मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर, १९७१ मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमर्सन १९८३ मध्ये वारला, अवघ्या ४७ व्या वर्षी.

हे लिहिताना आपल्याच माणसांची आठवण होते. ज्या धोबीतलावला आम्ही नाणी टाकत बसायचो, तिथल्याच गल्ल्यांत गोव्याच्या गावागावांचे कूड (मुंबईत आलेल्या गावकऱ्यांची वसतिगृहं) होते आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे किती वादक बसत! शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, ही नावं आजही किती जणांना ठाऊक आहेत?

शास्त्रीय मैफलीच्या वृत्तांतात तबल्याला कोण, पेटीला कोण, हे आपण आवर्जून छापता. जुन्या गाण्यांवरच्या सदरातही गायक, संगीतकार, गीतकार यांच्या जोडीला वादक आणि संयोजकांची नावं द्यावीत, एवढीच विनंती. जागा कमी पडली तर माझं पत्र खुशाल कापा, पण रॉबर्ट व्हाइट आणि जेम्स जेमर्सन ही दोन नावं तेवढी राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, गिरगाव, मुंबई