अल्झायमरच्या लेखात बीपीचं नाव का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन झाला, त्यानिमित्त तुमच्या पुरवणीत पानभर लेख आला होता. शब्दकोडी सोडवा, सुडोकू खेळा, अक्रोड खा, माणसांत मिसळा, सगळं बरोबरच आहे, पण अख्ख्या पानात बीपी हा शब्द एकदाही नाही आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

माझ्या वडिलांना, अण्णांना, पन्नाशीतच बीपी निघालं. गोळी चालू होती म्हणजे कागदावर चालू होती, डोकं दुखलं की घ्यायची, बरं वाटलं की बंद, आणि घरात आम्ही कुणी कधी विचारलं पण नाही. पुढे एकदा चक्कर आली म्हणून एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये लिहिलेलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले जुने बदल दिसतायत. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले वयोमानानुसार असतं, फाईल कपाटात गेली. चारेक वर्षांनी अण्णा दूध आणायला गेले आणि परतीचा रस्ताच विसरले. न्यूरॉलॉजिस्टनी तपासून सांगितलं की अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार दोन्ही एकत्र आहे, आणि असं एकत्र असणं उतारवयात अगदी कॉमन आहे. तोपर्यंत मला वाटायचं की रक्तवाहिन्यांमुळे होतो तो अर्धांगवायू वेगळा, विसरणं वेगळं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

मग मी वाचत गेले. अमेरिकेत नन्सवर एक अभ्यास झाला होता, त्या बायकांनी मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायला दिला. १९९७ साली त्यातल्या १०२ जणींचे निष्कर्ष छापून आले, त्यात ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या. या ६१ पैकी ज्यांच्या मेंदूत खोलवर रक्त न पोचून मेलेले बारीक ठिपके नव्हते त्यांच्यात ५७ टक्के जणींना डिमेन्शिया (म्हणजे रोजचे व्यवहार अडतील इतका स्मृतिभ्रंश) होता, आणि ज्यांच्यात असे एक-दोन का होईना ठिपके होते त्यांच्यात ९३ टक्के! उरलेल्या ४१ जणी, ज्यांच्यात अल्झायमरच्या तेवढ्या खुणा नव्हत्या, त्यांना मात्र अशा ठिपक्यांनी फारसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे आग एकाची आणि वारा दुसऱ्याचा. हे वाचून मी अण्णांची ती फाईल परत काढली आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्केच, पण ऑक्सिजन जवळपास २० टक्के खातो, त्यामुळे वाढलेल्या बीपीने बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन रक्त जरा कमी पडलं की त्याला लगेच कळतं. शिवाय अल्झायमरमध्ये साचतं ते अमायलॉइड नावाचं प्रोटीन मेंदूबाहेर काढायचं काम काही अंशी याच रक्तवाहिन्यांतून आणि त्यांच्या भिंतींलगत चालतं. गल्ली अरुंद झाली की घंटागाडी आत येत नाही, कचरा दारातच साठतो, तसं काहीसं. वर हेच अमायलॉइड रक्तवाहिनीच्या भिंतीत बसून तिलाच कमजोर करतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आणि यात नवीन तरी काय? खुद्द अल्झायमर डॉक्टरांनी १९०७ साली आपल्या त्या पहिल्या पेशंटबद्दल जे लिहिलं त्यात मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याची नोंद आहे.

बीपी आवरलं तर अल्झायमर होणारच नाही असं मी म्हणत नाहीये, ते खोटं होईल, पण अमेरिकेत ९ हजारांवर लोकांवर ट्रायल झाली, वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं की १४० च्या, आणि २०१९ ला आलेल्या रिझल्टमध्ये १२० वाल्या गटात स्मरणशक्ती घसरायला लागण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी निघालं. प्रत्यक्ष डिमेन्शियाही थोडा कमी दिसला, पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. (१२० सगळ्यांनाच झेपतं असं नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.)

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी या विषयावर पान काढाल तेव्हा शब्दकोड्याच्या आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूवर लिहा, आणि ते सत्तरीच्या आजी-आजोबांसाठी नाही तर चाळिशी-पन्नाशीतल्या आमच्यासारख्यांसाठी लिहा, कारण तेव्हाच्या बीपीचा पुढच्या डिमेन्शियाशी संबंध जास्त ठळक दिसलाय. मी ४८ ची आहे, गेल्या महिन्यात माझं १५० निघालं. डोकं अजिबात दुखत नव्हतं. गोळी सुरू केलीय, रोज रात्री जेवणानंतर मुलगी आठवण करते.

आपली,
एक वाचक, सातारा