हंपी बसमधून उरकू नका, चालत बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की टूरच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात हंपी-बदामी असतंच, म्हणून आत्ताच लिहितेय. पाच वर्षांपूर्वी आम्हीपण अशाच एका टूरने गेलो होतो. सकाळी नऊला बसमधून उतरवलं, पाचला परत बसमध्ये, त्यातला एक तास जेवणात गेला. घरी आल्यावर आठवत होता तो फक्त पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ आणि गाइडचं "चला चला".

ह्या जानेवारीत मी, मिस्टर आणि माझ्या नणंदबाई असे तिघंच गेलो, होसपेटला उतरलो आणि चार दिवसांत हंपीला चालत गोल फेरी मारली. मी ६३ वर्षांची, मिस्टरांचा एक गुडघा दुखरा. तरी जमलं, कारण रस्ता बहुतेक सपाट आहे, दिवसाला सगळं फिरणं धरून सात-आठ किलोमीटर होतात आणि दर थोड्या अंतरावर बसायला एखादा मंडप असतोच.

पहिला दिवस विरुपाक्ष मंदिर, हेमकूट टेकडी, उग्र नरसिंहाची मूर्ती. दुसऱ्या दिवशी राजवाड्याचा भाग करून मुक्काम कमलापूरला. तिथल्या म्युझियमच्या अंगणात अख्ख्या परिसराची प्रतिकृती मांडलीय, ती बघून घ्या, म्हणजे आपण कुठून कुठे चाललोय ते डोक्यात बसतं. तिसऱ्या दिवशी माल्यवंत टेकडीवरून तळवारघट्टच्या वेशीतून नदीवर आणि होडीने पलीकडे आनेगुंदीला. होडी म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपलीच, आधी भीती वाटली पण होडीवाल्या दादांनी मिस्टरांना हात धरून बरोबर मधोमध बसवलं. चौथ्या दिवशी नदी ओलांडून विठ्ठल मंदिर आणि नदीकाठच्या वाटेने परत विरुपाक्षाच्या दारात.

चालल्यामुळे काय दिसतं ते सांगते. राजवाड्याच्या आवारात काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आहे. मागच्या वेळी वरून फोटो काढला आणि निघालो. ह्यावेळी अर्धा तास बसलो तेव्हा दिसलं की दगडांवर बारीक खुणा आणि अक्षरं कोरलीयत, कुठला दगड कुठे बसवायचा त्याच्या. म्हणजे आधी सगळं घडवून मग इथे जुळवलंय! तसंच वाटेतल्या मोठाल्या शिळांवर एका रेषेत चौकोनी भोकं दिसतात, त्यात पाचरी ठोकून दगड फोडायचे. काही शिळा भोकं पाडून तशाच राहिल्यात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरच्या राजधानीचं हे एवढं मोठं शहर उजाड झालं हे शाळेत वाचलं होतं, पण त्या अर्धवट शिळेवर हात ठेवला तेव्हा पोटात कालवलं.

आणि विठ्ठल मंदिर. गाभारा रिकामा आहे. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास महाराज तो परत घेऊन गेले, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून ऐकतो. नणंदबाई दरवर्षी वारीला जातात. त्या गाभाऱ्याच्या दाराशी हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पंढरीला आहे ना तो, झालं तर मग." मागच्या टूरला ह्याच देवळात बॅटरीच्या गाडीने आलो होतो आणि वीस मिनिटांत निघालो होतो, तेव्हा कुणालाच ही गोष्ट आठवली नव्हती.

आता तक्रार. एवढी सुंदर फेरी आहे पण पायी जाणाऱ्यासाठी आम्हाला वाटेत धड खुणा दिसल्या नाहीत. माल्यवंतानंतर आम्ही चुकून केळीच्या बागेत शिरलो, एका शेतकरी ताईंनी हातवारे करून, आम्हाला कन्नड येईना त्यांना मराठी, वाटेपर्यंत आणून सोडलं. १९८६ पासून जागतिक वारशात असलेल्या ठिकाणी पायवाटेवर बाण, अंतर आणि प्यायच्या पाण्याची सोय एवढं तरी हवंच. आणि आपल्याकडेही देवगिरी ते वेरूळ हे अंतर पंधराएक किलोमीटरच आहे, तिथे गाड्यांच्या रस्त्यापासून बाजूला अशी पायवाट का होऊ नये? गडावर चढता येत नाही पण जुन्या दगडांत रमायला आवडतं असे माझ्या वयाचे कितीतरी लोक आहेत. टूरवाल्यांनाही विनंती, हंपीला निदान दोन रात्री द्या आणि त्यातली एक सकाळ नदीकाठच्या वाटेला.

कुणी जाणार असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, त्यानंतर तिथले दगड भयंकर तापतात. पावसाळ्यात नदीला पाणी वाढलं की होड्या बंद होतात. सकाळी साडेसहाला निघा, अकराला सावली गाठा, टोपी आणि दोन बाटल्या पाणी सोबत ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक, सोलापूर