रविवारची त्र्यंबकेश्वर फेरी : गाडी सुरू न झाल्यास

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानापासून त्र्यंबकेश्वरची मोटरसायकल फेरी निघेल. मागील फेरीत एका गाडीसाठी आपण सर्वजण अर्धा तास खोळंबलो, स्पार्क प्लग काढून पुसला, मेकॅनिकलाही फोन केला आणि अखेर किल स्विच (इंजिन तत्काळ बंद करणारे हँडलवरील बटण) ‘ऑफ’वर असल्याचे आढळले. (गाडी प्रस्तुत लेखकाचीच होती.) म्हणून मदत मागण्यापूर्वी पुढील बाबी स्वतः तपासाव्यात.

१. किल स्विच. चुकून हात लागून तो बंद होतो, आणि काही गाड्यांत स्टार्टर फिरत राहिल्याने संशय भलतीकडेच जातो.

२. साइड स्टँड. अनेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकताच इंजिन बंद पडते. हा बिघाड नसून सुरक्षेची सोय आहे.

३. पेट्रोल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद राहतो, किंवा टाकी भरल्यावर तो रिझर्व्हवरून परत फिरवला नाही तर पुढच्या वेळी राखीव पेट्रोलच उरत नाही. टाकी शहरातच भरून यावे.

स्टार्टर सलग दाबत राहू नये, बॅटरी उतरते.

– फेरी समन्वयक