मदरबोर्ड बदलण्याआधी तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळिवाच्या पावसानंतर राजारामपुरीतील आमच्या घरच्या संगणकाचे इंटरनेट बंद पडले, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने केबलसुद्धा न बदलता मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, गेल्याचे सांगून टाकले. ही घाई ग्राहकाला फार महागात पडते. संगणकाच्या नेटवर्क पोर्टवरील (इंटरनेटची केबल लावायच्या जागेवरील) बारीक दिवा लागत नसेल, तर आधी चालू स्थितीतली दुसरी केबल आणि राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूलभूत सेटिंग्जमध्ये) पोर्ट बंद केलेले नाही ना हे तपासावे, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली सुरू करूनही ते दिसत नसेल, तरच ड्रायव्हरऐवजी (पोर्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी) हार्डवेअरवर संशय घ्यावा. वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर अडकला असेल, तर बहुधा आठपैकी एखादी तार किंवा पिन जुळलेली नसते.

आमच्या पोर्टमधली एक सोनेरी पिन बॅटरीच्या उजेडात काळवंडलेली दिसली. विजेचा झटका तांब्याच्या केबलमधूनही आत शिरतो, हे अनेकांना ठाऊक नसते. तरीही मदरबोर्ड बदलावा लागला नाही. मोकळ्या स्लॉटमध्ये साधे नेटवर्क कार्ड बसवून काम भागले. दुरुस्ती करणाऱ्यांनी हा स्वस्त पर्याय ग्राहकाला आधी सांगावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर