दादरचा एक नंबर नेमका कुठला?

संपादक महोदय, नमस्कार,

मुंबई लोकलच्या लेडीज डब्यात नुसतं 'कुठे?' (म्हणजे कुठे उतरणार?) विचारलं की बसलेली म्हणते 'घाटकोपर', मग आपण 'माझी हां' म्हणायचं, झाली सीट बुक. नवीन मुलगी मात्र बिचारी सांगते, ऑफिसला चाललेय! शब्द तोच, पण दोघींना त्याचा अर्थ माहीत असला तरच उपयोग ना.

आता दादरचं बघा. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झाले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले. बरंच झालं म्हणा, आधी एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते आणि 'एकवर ये' म्हटलं की एक जण इकडे नि दुसरा तिकडे. पण जिभेची सवय अशी जाते होय? परवा आई फोनवर म्हणाली 'मी एकवर उभीये', मी वेस्टर्नच्या एकवर वीस मिनिटं ताटकळले आणि ती आठवर, म्हणजे तिच्या जुन्या एकवर, वर माझ्यावरच चिडलेली. दोघी आपापल्या जागी बरोबरच! शेवटी म्हटलं, समोर काय दिसतंय ते सांग.

रेल्वेने अनाउन्समेंटमध्ये 'जुना एक' एवढं तरी म्हणावं.

– एक प्रवासी, मुलुंड